उंचावरची वस्ती

नगरप्रेमी : साओ पावलोतील ज्या इजिएनोपोलिस वस्तीविषयी आपण इतके कठोर बोलता, ती मला त्या महानगरातील सर्वांत सुसंस्कृत रचना वाटते, आणि हे मी तेथील वैभवाला भुलून म्हणत नाही. कोटीहून अधिक लोकसंख्येच्या ज्या शहरात सधन कुटुंबे एक तर मोरुंबीसारख्या भागात उंच भिंतींच्या आड राहतात, नाही तर शहराची हद्द ओलांडून आल्फाव्हिलसारख्या पहारेबंद वसाहतींत जाऊन वसतात, त्याच शहराच्या जुन्या मध्यवस्तीपासून पायी जाण्याच्या अंतरावर, जिचे रस्ते वृक्षांनी झाकलेले आहेत, जिच्या अंतर्भागी बुव्हार या फ्रेंच वास्तुशिल्पकाराच्या कल्पनेतून साकारलेली ब्वेनोस आयरेस बाग शंभर वर्षांनंतरही मुलांनी आणि वृद्धांनी गजबजलेली असते, आणि जेथे माणसे पाव घ्यायला, औषध आणायला, पुस्तके चाळायला मोटारीवाचून घराबाहेर पडतात, अशी एक वस्ती टिकून राहावी ही गोष्ट मला असामान्य वाटते. संपत्ती असूनही जिने रस्ता टाकून दिला नाही, अशी ही वस्ती आहे. तिच्याकडून शिकण्याऐवजी आपण तिच्यावर खटला भरता, याचे मला आश्चर्य वाटते.

साशंक : ती छाया मलाही सुखावते, परंतु ती कोणी, कोणत्या हेतूने आणि कोणाला वगळून निर्माण केली याचे दप्तर एकदा उघडून पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे. १८९० च्या दशकात बुर्शार्ड आणि नोथमान या दोन जर्मन व्यापाऱ्यांनी शहराच्या पश्चिमेकडील उंचवट्याची जमीन घेऊन तिचे भूखंड पाडले. यांपैकी नोथमानने आधी ग्लेट नावाच्या भागीदारासह काम्पोस एलिझिओस ही धनिकांची पेठ वसविलेली होती, परंतु ती सखल भागात होती. नव्या वस्तीचे भांडवल उंची हेच होते. १८८९ मध्ये काम्पिनासमध्ये पीतज्वराने हाहाकार उडविला होता, सान्तोस बंदरही त्या ज्वराने पछाडलेले होते, आणि रोग दलदलीच्या वाफांतून व दूषित हवेतून पसरतो ही समजूत अजून वैद्यांच्याही मनातून गेली नव्हती. अशा वेळी उंच जागा, स्वच्छ वारा, नळाचे पाणी आणि भुयारी गटार यांची हमी देऊन आरोग्याचेच नाव धारण केलेली वस्ती विकायला काढली गेली. त्याच काळात, १८९३ साली, सांता इफिजेनिया भागातील कोर्तिसोंची, म्हणजे एकेका आवारात अनेक बिऱ्हाडे कोंडलेल्या खोल्यांची, सरकारी तपासणी झाली, आणि पुढच्याच वर्षीच्या आरोग्यसंहितेने मजुरांच्या वसाहती दाट लोकवस्तीपासून दूर असाव्यात असा दंडक घातला. १८९८ मध्ये नगरपालिकेने इजिएनोपोलिसच्या मुख्य रस्त्यासाठी कायदा केला की घराच्या पुढे सहा मीटर आणि बाजूंना दोन मीटर जागा मोकळी सोडलीच पाहिजे. वरवर पाहता ही तरतूद हवेसाठी आणि प्रकाशासाठी होती. परंतु विकत घेतलेल्या जमिनीचा एवढा हिस्सा रिकामा ठेवण्याची ऐपत ज्याला नाही, त्याला त्या रस्त्यावर घर बांधण्याची मनाई करायला याहून वेगळ्या हुकुमाची आवश्यकता उरली नाही.

नगरप्रेमी : आपण सांगितलेली हकीकत मी नाकारत नाही, परंतु तिच्यातील एक धागा आपण मध्येच सोडून दिलात. साथीच्या भयाने धनिक टेकडीवर गेले हे खरे. पण त्याच भयाने शासनालाही जागे केले. १८९९ साली सान्तोस बंदरात प्लेग उतरला. तीन वर्षांपूर्वी मुंबईत मांडवीच्या गोदामांभोवती ज्या महामारीने ठाण मांडले होते, तिचाच तो समुद्रापार पोचलेला हात होता, आणि मुंबईत जशी त्या संकटातून हाफकिनची प्रयोगशाळा उभी राहिली, तशीच साओ पावलोत प्लेगवरचे सीरम निर्माण करण्यासाठी बुतांतान येथे व्हितल ब्राझील यांच्या देखरेखीखाली शासकीय संस्था उभी राहिली. एमिलिओ रिबास या आरोग्याधिकाऱ्याने स्वतःला डास चाववून घेऊन पीतज्वराचे कारण हवेत नसून डासात आहे, हे लोकांना पटवून दिले. म्हणजे टेकडीच्या उंचीवर ज्यांनी पैसा लावला त्यांचे वैद्यक लवकरच चुकीचे ठरले. पण नळ आणि गटार ही मात्र सर्वांच्या हक्काची मागणी होऊन बसली. एखादी सोय प्रथम थोड्यांना मिळते, आणि ती डोळ्यांसमोर दिसू लागली म्हणजे इतरांना आपली उणीव कळते, असा नगरांचा इतिहास मला दिसतो. आणि त्या पहिल्या रहिवाशांतही सारे एका साच्यातील नव्हते. व्हेरिदियाना प्रादो या बाईंनी पतीपासून विभक्त होऊन, त्या काळच्या घराणेदार समाजाचा रोष पत्करून, १८८४ मध्ये येथे आपला प्रासाद बांधला आणि कलावंत, विद्वान, शास्त्रज्ञ यांना त्याची दारे मोकळी केली.

साशंक : त्या बाईंच्या स्वतंत्र वृत्तीविषयी मलाही आदर आहे. परंतु तो प्रासाद बांधला गेला तेव्हा ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द व्हायला अजून चार वर्षे होती, आणि प्रादो घराण्याची मिळकत कॉफीच्या मळ्यांची होती. हे दोन दस्तऐवज एकत्रच वाचले पाहिजेत. पुढे १९०२ मध्ये आन्तोनियो आल्व्हारेस पेन्तेआदो या मळेवाल्या कारखानदारासाठी कार्लोस एक्मान यांनी येथे जे घर बांधले, त्याच्या वेलबुट्टीदार लाकूडकामाचे आणि उंच दिवाणखान्याचे वर्णन आजही वास्तुकलेचे अभ्यासक प्रेमाने करतात. या गृहस्थांची दुसरी मिळकत कॉफीच्या गोण्या विणणारा तागाचा कारखाना ही होती. ताग आपल्या बंगालमधून जहाजांनी जाई, आणि तो कारखाना टेकडीवर नव्हता. तो रेल्वेमार्गापलीकडच्या ब्राझ या सखल भागात होता, जेथे इटलीहून आलेल्या कुटुंबांतील बायका आणि मुले यंत्रांवर उभी राहत. बंगालच्या शेतकऱ्यापासून ब्राझच्या मजुरणीपर्यंत पसरलेल्या श्रमांची बेरीज त्या दिवाणखान्यात झालेली होती. टेकडीवरची निर्मळ हवा आणि खालची धूळ या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

नगरप्रेमी : आता त्याच घराची पुढची हकीकत पाहावी, कारण माझा सारा युक्तिवाद तिच्यात आहे. पेन्तेआदो कुटुंबाने ते घर साओ पावलो विद्यापीठाला दिले आणि १९४८ मध्ये तेथे वास्तुशास्त्राचे महाविद्यालय सुरू झाले. ज्या दिवाणखान्यात कॉफीचे सौदे झाले असतील, तेथे सार्वजनिक विद्यापीठाचे विद्यार्थी रेखाटनाचे फळे मांडून बसले, आणि त्यांना शिकविणाऱ्यांत विलानोव्हा आर्तिगास होते. आर्तिगास कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. त्यांनी १९४६ मध्ये याच वस्तीत, विलाबोइम चौकाच्या काठी, लोवेइरा ही इमारत आखली. ती समजून घेण्यासारखी आहे. दोन लांबट इमारती एकमेकींना समांतर उभ्या केल्या, त्यांच्या अरुंद बाजू चौकाकडे वळविल्या, आणि दोहोंमधली जमीन, जिच्यावर आणखी एक इमारत सहज बसली असती, बाग म्हणून मोकळी सोडली. त्यामुळे चौकातली झाडी दोन इमारतींच्या मधून सरळ आत शिरते आणि चौक कोठे संपला व खाजगी मिळकत कोठे सुरू झाली हे पाहणाऱ्याला चटकन समजत नाही. १८९८ च्या कायद्याने सोडायला लावलेली मोकळी जागा घराला रस्त्यापासून दूर सारीत होती. आर्तिगासांनी सोडलेली मोकळी जागा घराला रस्त्याशी जोडते. मळेवाल्यांची ही वस्ती जेमतेम चाळीस वर्षे टिकली. १९२८ च्या कायद्याने एका इमारतीतील मजले निरनिराळ्या मालकांना विकण्याची मुभा दिली, पुढच्याच वर्षी कॉफीचा बाजार कोसळला, वारसांनी प्रासाद विकले, आणि रिनो लेव्ही, फ्रान्झ हीप, आर्ताशो जुरादो अशा माणसांनी त्या भूखंडांवर मजल्यांच्या इमारती चढविल्या. यांपैकी जुरादो यांच्याजवळ वास्तुशास्त्राची पदवीही नव्हती. स्थलांतरित स्पॅनिश कुटुंबातला हा स्वयंशिक्षित मनुष्य, आणि त्याने ब्रेतान्या नावाच्या इमारतीत रंगीत फरश्या, पोहण्याचा तलाव, गच्चीवरची बाग यांची अशी काही रेलचेल केली की पदवीधर त्यावर नाराज झाले आणि घर घेणारे प्रसन्न झाले. बों रेतिरोच्या कारखानदार गल्ल्यांतून वर आलेली ज्यू कुटुंबे याच काळात येथे राहायला आली आणि त्यांची प्रार्थनास्थळे, शाळा, खाद्यपदार्थांची दुकाने यांनी वस्तीचा स्वभाव पालटला.

येथे मला एक तुलना करू द्यावी. १९१५ पासून सिटी नावाच्या इंग्रज कंपनीने याच शहरात जार्दीं आमेरिका ही उद्यानवस्ती पाडली. बॅरी पार्करसारखा नगररचनाकार तिच्यासाठी साओ पावलोत येऊन राहिला, आणि कंपनीने प्रत्येक खरेदीखतात घालून दिलेल्या अटी, म्हणजे घर किती जागेवर असावे, कुंपण किती उंच असावे, दुकान असू नये, या पुढे नगरनियमांत उतरून आजपर्यंत पाळल्या गेल्या. ज्या वस्तीने आपला मूळचा नियम राखला, तिच्यात आज दाट झाडी आहे, पण पदपथावर माणूस नाही. जिने आपला मूळचा नियम मोडला, ती जिवंत राहिली. म्हणून इजिएनोपोलिसच्या गुणांचे श्रेय मी तिच्या संस्थापकांना देत नाही. त्यांचा हेतू जेथे पराभूत झाला, तेथे मी ते शोधतो.

साशंक : हा विचार मला नवा आहे आणि त्याचे वजन मी मान्य करतो, परंतु नियम खरोखर मोडला की नुसता घरात शिरला, हे पाहण्यासाठी त्या सुंदर इमारतींतील एखाद्या घराचा नकाशा उलगडून पाहावा. रिनो लेव्ही यांनी आखलेल्या आणि बुर्ले मार्क्स यांच्या बागेने सजलेल्या प्रुदेन्सिया इमारतीइतक्या उदार मनाच्या वास्तूतही काम करणाऱ्यांची ये-जा वेगळी काढलेली आहे, आणि त्या पिढीतील बहुतेक सर्व उच्चवर्गीय इमारतींचा हाच शिरस्ता आहे. एक लिफ्ट मालकांची आणि पाहुण्यांची, दुसरी चाकरांची आणि सामानाची. एक दार दिवाणखान्यात उघडणारे, दुसरे स्वयंपाकघराच्या मागे. आणि त्या मागच्या बाजूला, कपडे धुण्याच्या जागेला लागून, एक खाट कशीबशी मावेल एवढी मोलकरणीची खोली. बैठकीची खोली बागेकडे तोंड करून आणि ही खोली आतल्या अंधाऱ्या चौकाकडे, असेच बहुधा आढळते. १९९६ मध्ये नगरपालिकेला कायदा करून सांगावे लागले की वंश, वर्ण, सामाजिक स्थिती यांवरून कोणालाही लिफ्टमध्ये जाण्यास मनाई करता येणार नाही, आणि तेव्हापासून साओ पावलोच्या लिफ्टच्या दारांशेजारी ती पाटी लागलेली असते. जेथे असा मज्जाव प्रत्यक्षात घडत नाही, तेथे अशी पाटी कोणी लावीत नाही. घरकाम करणाऱ्यांना कामाच्या तासांची मर्यादा आणि इतर कामगारांचे हक्क देणारी घटनादुरुस्ती तर २०१३ ची आहे. आर्तिगासांनी चौक आणि बाग यांच्यातील रेषा पुसली हे खरे. पण पुढच्या दशकांत वस्तीतील बहुतेक इमारतींपुढे लोखंडी गज उभे राहिले, आणि पुसलेली रेषा पुन्हा आखली गेली.

आणि त्या महाविद्यालयाचा आपण उल्लेख केलात, तर त्याचा शेवटही सांगितला पाहिजे. वस्तीच्या कडेला मारिया आन्तोनिया रस्ता आहे; त्याच्या एका बाजूला मॅकेन्झी ही खाजगी संस्था आणि दुसऱ्या बाजूला सार्वजनिक विद्यापीठाचे तत्त्वज्ञान विद्याशाखेचे भवन. लष्करी राजवटीत, ऑक्टोबर १९६८ मध्ये, या दोन बाजूंच्या विद्यार्थ्यांत तुंबळ लढाई झाली, एक शाळकरी मुलगा गोळी लागून मेला, भवन जळाले, आणि ती विद्याशाखा दूरच्या विद्यापीठ-परिसरात हलविण्यात आली. १९६९ मध्ये वास्तुशास्त्राचे पदवीचे वर्गही पेन्तेआदोंच्या घरातून तिकडेच गेले, आणि त्याच वर्षी आर्तिगासांना अध्यापनातून काढण्यात आले. पुढे १९७१ मध्ये शहराने मिन्योकाव नावाचा उड्डाणमार्ग बांधला, तो या टेकडीवरून गेला नाही. तो तिच्या पायथ्याशी, सांता सेसिलियातील बिऱ्हाडांच्या खिडक्यांसमोरून गेला, इतक्या जवळून की तेथील माणसांना खिडकी उघडणे कठीण झाले. सार्वजनिक विद्या वस्तीबाहेर गेली आणि सार्वजनिक धूर तिच्या उंबऱ्यावर येऊन थांबला. या दोन्ही गोष्टी रहिवाशांनी घडवून आणल्या असे मी म्हणत नाही. पण शहराच्या ओझ्याची वाटणी कशी होते हे त्यांतून दिसते.

नगरप्रेमी : मिन्योकावचा दाखला मला बोचतो, आणि तो मी परत करू शकत नाही. गजांविषयी एवढेच म्हणेन की भयाच्या काळात ते साऱ्या शहरात आले, गरिबांच्या खिडक्यांनाही आले. परंतु आपल्या मनात भुयारी रेल्वेचे प्रकरण असावे असे दिसते. तर ते आपणच मांडावे.

साशंक : मांडतो, कारण या वस्तीची परीक्षा त्या प्रकरणात झाली. सहाव्या क्रमांकाच्या मार्गिकेचे एक स्थानक आंजेलिका मार्गावर, वस्तीच्या अगदी हृदयात योजलेले होते. रहिवाशांच्या संघटनेने सुमारे साडेतीन हजार सह्यांचा अर्ज करून हरकत घेतली. स्थानकामुळे नको त्या प्रकारची माणसे येथे येतील, अशा अर्थाचे एका रहिवाशाचे उद्गार वृत्तपत्रात छापले गेले. २०११ मध्ये शासनाने स्थानकाची जागा बदलण्याचे जाहीर केले आणि कारण तांत्रिक असल्याचे सांगितले. ते कारण खरेही असेल. पण शहराने ते ऐकून घेतले नाही. मे महिन्यात शेकडो माणसे त्या वस्तीतील मोठ्या बाजारसंकुलापुढे जमली आणि त्यांनी भर रस्त्यात मांस भाजून मेजवानी केली. ती मेजवानी म्हणजे आम्हीही याच शहराचे आहोत, हे त्या शहराने त्या वस्तीला सांगणे होते. आता विचार करा : ही मार्गिका उत्तरेकडील ब्राझिलान्दिया या गरीब उपनगरातून निघते. त्या उपनगरातील जी स्त्री रोज बसमध्ये तासन्‌तास काढून या वस्तीत स्वयंपाक आणि धुणे करायला येते, ती तर आधीपासूनच येथे येत होती. म्हणजे हरकत तिच्या येण्याला नव्हती. कामाखेरीज, आपल्या मर्जीने, बागेत बसायला येण्याला होती.

नगरप्रेमी : आपला शेवटचा भेद मार्मिक आहे, आणि त्या अर्जावर मी सही केली नसती. परंतु परीक्षेचा निकाल आपण अर्ध्यावर वाचला. सह्यांच्या अर्जाने रेल्वे थांबली नाही. मॅकेन्झीजवळचे, वस्तीचेच नाव धारण करणारे स्थानक एका वेगळ्या मार्गिकेवर २०१८ मध्ये उघडले. सहाव्या मार्गिकेवरही त्याच जोडस्थानकाशिवाय या परिसरासाठी आणखी एक स्थानक योजलेले आहे. तिचे काम मध्ये काही वर्षे रखडले, पण २०२० मध्ये पुन्हा हाती घेण्यात आले. साडेतीन हजार माणसांचे भय साऱ्या वस्तीचे स्वरूप ठरवीत नाही. आणि हे पाहावे की स्थानक येऊ शकले ते या वस्तीत माणसे दाट राहतात म्हणून. जार्दीं आमेरिकाच्या बंगल्यांमध्ये स्थानक खोदण्याचा विचार कोणता अभियंता करील? मजल्यांच्या इमारतींनी जे सुरू केले तेच रेल्वे पुढे नेत आहे. दार उघडत आहे.

साशंक : दार उघडते आहे ते प्रवेशाचे, वास्तव्याचे नव्हे, आणि माझी शंका आता येथे येऊन थांबते. रेल्वे आली की जमिनीचा भाव चढतो. २०१४ च्या नगरविकास आराखड्याने वाहतुकीच्या मार्गांलगत दाट बांधकामाला उत्तेजन दिले, हेतू असा की अधिक माणसांना स्थानकाजवळ राहता यावे. आणि त्या जागी पुष्कळ ठिकाणी उभी राहिली ती गुंतवणूक म्हणून घ्यावयाची लहान लहान घरे, ज्यांत चार माणसांचे बिऱ्हाड मावत नाही आणि ज्यांची किंमत ब्राझिलान्दियातील कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असते. ती स्त्री आता लवकर कामावर पोचेल आणि लवकर परत जाईल. तिचे श्रम या वस्तीला पूर्वीपेक्षा सुलभ होतील. ही सुधारणा लहान नाही, तिचा रोजचा वेळ वाचणे हे मी क्षुल्लक मानीत नाही. पण जिला आपण दार उघडणे म्हणता, ती १८९८ च्या सहा मीटरांची नवी मोजणी तर नव्हे? तेव्हा जमीन रिकामी ठेवण्याची ऐपत लागे, आता स्थानकाजवळ राहण्याची ऐपत लागते.

नगरप्रेमी : तर मग आपला आरोप या वस्तीवर राहिला नाही, तिच्यासारख्या वस्त्या विरळ आहेत, यावर तो गेला. छाया, पदपथ, बाग, गटार, स्थानक या गोष्टी ब्राझिलान्दियातही असत्या, तर येथील जमिनीला एवढे मोल आले नसते. आणि त्यासाठी साओ पावलोजवळ एक साधन आहे. ठराविक मर्यादेपलीकडे बांधकाम करायचे असेल तर बांधणाऱ्याने नगरपालिकेला मोबदला द्यावा लागतो, तो एका निधीत जमा होतो, आणि त्या निधीचा निश्चित हिस्सा गरिबांच्या घरांसाठी जमीन घेण्याकडे आणि सार्वजनिक वाहतुकीकडे वळविला पाहिजे असा कायदा आहे. टेकडीची उंची आता खालच्या शहरासाठी महसूल देऊ लागली आहे. कॉफीच्या काळी संपत्ती खालून वर चढे. या तरतुदीने ती, अल्प प्रमाणात का होईना, उलट दिशेने वाहते.

साशंक : आणि ती तशी वाहत राहावी म्हणून टेकडी महागच राहिली पाहिजे, हे आपल्या लक्षात आले असेलच. येथील भाव उतरले तर निधी आटतो. चढले तर निधी भरतो, पण त्याच भावांच्या ओढीने ब्राझिलान्दियाचीही जमीन महागते आणि तेथील कुटुंब आणखी दूर बेदखल होते. उपाय ज्या रोगावर योजला, त्या रोगाच्या आयुष्यावरच त्याचे पोषण चालते. या साधनाला माझा विरोध नाही. आज याहून चांगले साधन माझ्या हाती नाही. पण त्याला न्याय म्हणण्यापूर्वी मला एवढे जाणून घ्यायचे आहे की वरच्या वस्तीला १८९० च्या दशकात जमिनीसोबत मिळालेले गटार खालच्या शहराच्या कडेपर्यंत पोचायला किती पिढ्या लागाव्यात, आणि तोवरचा धीर नेहमी एकाच बाजूने का धरावा.

नगरप्रेमी : त्या धीराची वाटणी अन्याय्य आहे, हे मी मान्य करतो. तरी मी माझ्या ठिकाणी उभा आहे, कारण दिरंगाईविरुद्ध तक्रार करायलाही काय मिळायला हवे याचा नमुना डोळ्यांसमोर लागतो, आणि आर्तिगासांची ती दोन इमारतींमधली बाग, गजांआड असली तरी, असा नमुना आहे. ब्राझिलान्दियात घरे बांधणाऱ्या उद्याच्या वास्तुशिल्पकाराने तिच्यापासून प्रेरणा घ्यावी असे मी म्हणेन.

साशंक : जरूर घ्यावी. फक्त ती घेताना त्याने हेही विचारावे की दोन इमारतींमधली ती जमीन, जी विकली असती तर तिसरी इमारत उभी राहिली असती, रिकामी ठेवण्याचा खर्च तेथे कोणाच्या नावावर पडणार आहे. कारण विलाबोइम चौकात तो घर घेणाऱ्यांनी भरला होता, आणि ब्राझिलान्दियात घर घेणारा तो भरू शकणार नाही.